दोन मीटरचा सांधा

सान क्रिस्तोबालच्या बंदरातल्या अर्ध्याअधिक घरांची छतं तेल्मो मासाकिसाने घातलेली आहेत, आणि त्यातली अर्धीअधिक आता हळूहळू खाली येत आहेत. यात दोष त्याचा एकट्याचा नाही. तो इथे आला तेव्हा गालापागोसमध्ये वाळू म्हणजे किनाऱ्यावरची वाळू. ती पांढरी होती, जवळ होती, आणि तिच्यात मीठ आहे हे सगळ्यांना माहीत होतं. मीठ लोखंड खातं हेही सगळ्यांना माहीत होतं. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहायला मात्र गावाला पंचवीस वर्षं लागली. तोवर छतातल्या सळया गंजून फुगल्या होत्या, पोपडे सुटायला लागले होते, आणि लोक तेल्मोला रस्त्यात गाठत होते.

“मिस्त्री, काल तुमचं काम माझ्या साराच्या वाडग्यात पडलं.”

“मोठं होतं?”

“चमच्यात मावलं.”

“मग रविवारी येतो.”

आणि रविवारी तो खरंच जायचा. हातोडीने छत वाजवत फिरायचा, पोकळ आवाज आला की तेवढा भाग उडवायचा, सळई घासायची, नवा गिलावा लावायचा. पुढच्या रविवारी दुसरं घर. स्वतःच्या घरापर्यंत त्याचा रविवार कधी पोचला नाही. त्याची बायको ओब्दुलिया चुलीवरच्या पातेल्यावर कायम झाकण ठेवते आणि पाहुण्यांनाही ठेवायला सांगते.

तेल्मोला बसलेलं फारसं कोणी पाहिलेलं नाही. जेवतानाही ताटली हातात घेऊन तो भिंतीशी उभा राहतो आणि मोकळ्या हाताची बोटं भिंतीवरून फिरवत असतो. ओब्दुलिया सांगते की लग्नात पाद्री बोलत होता तेव्हा हा वरची कमान बघत होता, आणि “हो” म्हणायच्या ऐवजी “तडा आहे” म्हणाला होता. ती बेटावरची, चौथ्या पिढीची. हा मुख्यभूमीवरच्या डोंगरातल्या सालासाकाचा, विणकरांच्या आणि मेंढरांच्या गावचा. समुद्र त्याने एकोणिसाव्या वर्षी पाहिला, आणि सहासष्टाव्या वर्षीही त्याला पोहता येत नाही. बेटावर राहायचा परवाना त्याला लग्नामुळे मिळाला. त्यामुळे घरातल्या भांडणात ओब्दुलियाचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: “म्हाताऱ्या, जास्त बोललास तर परत पाठवीन.” कायद्याने तिला तसं करता येतं का, हे कोणी तपासलेलं नाही. तेल्मोने तर नाहीच.

अशात दोन विद्यापीठांनी मिळून बेटावर संशोधन केंद्र बांधायचं ठरवलं. एक विद्यापीठ राजधानीतलं, दुसरं उत्तरेकडच्या श्रीमंत देशातलं. बेट किती नाजूक आहे याचा अभ्यास करायचा होता, आणि त्यासाठी बेटावर आणखी काँक्रीट ओतावं लागणार होतं. केंद्र संयुक्त असल्यामुळे प्रत्येक कागदावर दोन सह्या लागत. कोणाचं नाव वर यावर एकमत होईना, म्हणून पाया खणायच्या आधी पाटी दोनदा रंगवून झाली. राजधानीकडून डॉ. आरिसागा आले. त्यांचा शर्ट इस्त्रीचा असे आणि नजर घड्याळावर. उत्तरेकडून डॉ. हॉलिस आल्या. उंच, उन्हाने लाल झालेल्या बाई, कोणतीही गोष्ट मोजल्याशिवाय तिच्याबद्दल मत न देणाऱ्या.

बेटावरच्या माणसाला जमण्यासारखं काम असेल तर बाहेरचा माणूस आणता येत नाही, असा नियम आहे. म्हणून काम तेल्मोकडे आलं. पहिल्या भेटीत डॉ. आरिसागांनी त्याला समजावलं, “मिस्त्री, हे बेट अतिशय नाजूक आहे.”

“माहीत आहे साहेब,” तेल्मो म्हणाला. “अर्धं मीच बांधलंय.”

त्याने दोनच अटी घातल्या. वाळू वरच्या खाणीतली आणि गोड्या पाण्यात तीनदा धुतलेली. आणि स्लॅब एका दिवसात, एकही सांधा न ठेवता. स्लॅब सुरू केली की थांबवायची नसते. थांबलात की आधी ओतलेला माल आवळतो, म्हणजे घट्ट होतो, नंतरचा त्याला नुसता चिकटून राहतो, आणि मधे एक रेघ उरते. “पाणी येतं तेव्हा आधी त्या रेघेचा पत्ता विचारतं,” असं तो म्हणायचा. त्याने उघड सांगितलं नाही, पण गावाला कळत होतं. आयुष्यात एक छत असं घालायचं होतं त्याला, की जे कोणाच्या सारात पडणार नाही. पायांतली कळ वाढत चालली होती, पुढची स्लॅब मिळायची की नाही कोणास ठाऊक. हे शेवटचं असेल तर ते बिनसांध्याचं असायला हवं होतं.

वाळू राष्ट्रीय उद्यानाचं, म्हणजे पार्कचं, खातं हप्त्याहप्त्याने देतं, सिमेंट मुख्यभूमीवरच्या ग्वायाकिलहून बोटीने येतं, आणि सप्टेंबरच्या भुरभुर पावसात गोण्या आतल्या आत दगड व्हायला लागतात. सगळं जुळून एक शनिवार ठरला. त्याच्या आदल्या आठवड्यात तेल्मोने सळईची जाळी इतक्या वेळा तपासली की कामावरचा वॉशिंग्टन म्हणाला, “मिस्त्री, तुम्ही मोजता म्हणून ती वाढत नाही.” वॉशिंग्टन हे नाव इथे बरंच चालतं. डॉ. हॉलिसना पहिल्या दिवशी त्याचं हसू आलं होतं, आणि कोणीच बरोबर हसलं नाही तेव्हा त्यांनी ते वहीत लिहून घेतलं होतं.

स्लॅब नुसत्या रोजंदारीच्या माणसांनी टाकायची नसते. घर कोणाचंही असो, गाव येतं. बाया येतात, शाळेतले मास्तर येतात, कोळी त्या दिवशी होड्या काढत नाहीत. विद्यापीठांना हे विम्याच्या दृष्टीने पटत नव्हतं. शेवटी हेल्मेटशिवाय कोणी आत यायचं नाही, या अटीवर परवानगी मिळाली. माणसं शेहेचाळीस आली आणि हेल्मेटं बावीस होती. त्यामुळे दिवसभर ज्याच्याकडे डॉ. आरिसागा बघत असतील त्याने हेल्मेट घालायचं, अशी व्यवस्था आपोआप लागली.

पण त्याआधी, पहाटे उजाडता उजाडता, तेल्मो सवयीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आला आणि जाळीवर चढला. जागा उताराची. एका बाजूला स्लॅब डोक्यावर होती, तर वरच्या बाजूला, उतार खणून बसवल्यामुळे, बाहेरच्या जमिनीपासून जेमतेम गुडघ्याएवढी उंच. त्या वरच्या कोपऱ्यात, सळयांवर, समुद्रसिंहाची मादी आडवी पडली होती. तिच्या पोटाशी काळंभोर, अजून ओलं पिल्लू होतं. तुटलेल्या नाळेचं टोक सळईवर लोंबत होतं.

लोबो, म्हणजे इथल्या बोलीत समुद्रसिंह, कुठेही झोपतात. बाकांवर, होड्यांत, मासळीबाजाराच्या फळीखाली. त्याचं कोणाला काही वाटत नाही. नियम एवढाच की दोन मीटर लांब राहायचं आणि हात लावायचा नाही. तेल्मो त्या कोपऱ्यापासून मागे सरकला, ते बरंच मागे. त्याला कारण होतं.

एकोणिसाव्या वर्षी, बेटावर येऊन तीन महिने झाले असताना, गटारीच्या खणलेल्या चरात त्याला असंच एक पिल्लू सापडलं होतं. गार पडलेलं, कुडकुडणारं. त्याच्या गावात कोकरू असं सापडलं की एकच गोष्ट करतात, पोंचोत, म्हणजे अंगावरच्या लोकरीच्या पांघरुणात, गुंडाळून छातीशी धरतात. त्याने तेच केलं. ऊब दिली आणि सकाळी किनाऱ्यावर आईसमोर नेऊन ठेवलं. आई जवळ आली, हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि पाठ फिरवून पाण्यात गेली. पिल्लाच्या अंगाला मेंढीचा वास येत होता. नऊ दिवस ते किनाऱ्यावरून माणसांच्या मागे ओरडत फिरलं. पार्कवाल्यांनी खायला घालायची बंदी केली होती, आणि त्याला काय घालायचं हे कोणाला माहीतही नव्हतं. दहाव्या दिवशी ओरडणं थांबलं. गावाने तेल्मोचं नाव लोकर ठेवलं. ओब्दुलिया त्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, “लोकर लोकर म्हणतात तो तूच का?” पोंचो त्याने त्यानंतर घातला नाही. इथे त्याची गरजही नव्हती, असं तो सांगतो.

साडेसहापर्यंत सगळे जमले आणि कोपऱ्याकडे बघत उभे राहिले. पार्ककडून येसेनिया आली. तिच्या आईच्या घराचं छत तेल्मोनेच घातलं होतं आणि दोनदा दुरुस्तही केलं होतं.

“मिस्त्रीकाका, हलवता येणार नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला सांगायला नको.”

“नको.”

“मग पुढे ढकला.”

“कधीपर्यंत?”

“आई आठवडाभर पिल्लाजवळ बसते. मग समुद्रात जाईल, येईल, जाईल. पिल्लू तिथेच राहील.” तिने बोटांवर दिवस मोजले आणि मधेच सोडून दिले. “बरेच दिवस.”

तेल्मोने सिमेंटच्या गोण्यांकडे पाहिलं. सगळ्यात खालच्या रांगेला त्याने अंगठा लावला. ती कडक झाली होती.

“सुरू करू,” तो म्हणाला. “खालच्या टोकाकडून. कोपऱ्यापर्यंत पोचायला तीन वाजतील. त्याआधी ऊन येईल. ऊन आलं की ती पिल्लाला मानगुटीला धरून झाडीत नेते. बेचाळीस वर्षं बघतोय.”

“कुठलं ऊन, म्हाताऱ्या?” ओब्दुलिया मासे साफ करताना म्हणाली. आभाळ समुद्राला टेकलं होतं.

“येईल. दहाला फाटतं.”

डोंगरात फाटतं. सालासाकात धुकं दहाला फाटतं आणि डोंगर लख्ख दिसतो. या बेटावरचं सप्टेंबरातलं आभाळ मात्र कोणाला बांधील नाही. तेल्मो बेटाकडून बरंच शिकला होता, पण आभाळाचा अंदाज तो अजून गावाकडचाच करायचा. शेहेचाळीस जणांपैकी बहुतेकांना हे माहीत होतं. पण मिक्सर भाड्याचा होता, कांदा चिरून झाला होता, आणि प्रत्येकाला वाटलं की दुसरा बोलेल.

मिक्सर सुरू झाला. घमेल्यांची रांग लागली. पहिल्या तासात सगळे गात होते, दुसऱ्यात नुसते शीळ घालत होते, तिसऱ्यात फक्त घमेल्यांचा आवाज उरला. तेल्मो टोकापासून टोकापर्यंत चालत होता. माल ओतला की काठीने दाबायला सांगायचा, मग स्वतःच काठी काढून घ्यायचा, मग दुसरीकडे धावायचा. आणि दर वळणावर एकदा वर बघायचा. दहा वाजले. आभाळ तसंच.

“फाटलं का मिस्त्री?” वॉशिंग्टन ओरडला.

“घमेलं उचल.”

डॉ. हॉलिसनी मादीपासून दोन मीटरवर, जाळीखालच्या फळ्यांवर, खडूने रेघ मारली. मादी कूस बदलून पाऊण मीटर सरकली. त्यांनी रेघ पुसून नवी मारली. मादी पुन्हा सरकली. दुपारपर्यंत तिथे सहा रेघा झाल्या होत्या आणि डॉ. हॉलिस म्हणत होत्या की ही माहिती मोलाची आहे. डॉ. आरिसागांनी राजधानीला फोन लावला. तिथून सांगण्यात आलं की प्रश्न दोन्ही विद्यापीठांच्या समितीसमोर ठेवला जाईल आणि तीन दिवसांत उत्तर येईल. मालाला आवळायला दीड तास लागतो.

जेवणं पाळीपाळीने झाली. ओब्दुलियाने तेल्मोच्या हातात मासे-कांद्याच्या साराचा वाडगा दिला. त्याने तो तसाच धरून एक फेरी मारली आणि परत आणून दिला.

“घोटभर तरी घे. इथे वरती काही पडत नाही, बघ. छत नाहीये अजून.”

“नंतर.”

दोन वाजता कोपऱ्याला आठ मीटर राहिले होते. अडीचला पाच. भुरभुर चालूच होती. पिल्लू दूध पीत होतं. त्याचा चुटूचुटू आवाज मिक्सरच्या मधेमधे ऐकू यायचा. घमेली हळू यायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं, पण प्रत्येकाचं पाऊल जरा लहान पडत होतं.

“मिस्त्री,” डॉ. आरिसागा जवळ आले, आवाज खाली घेतला. “छत हे छत आहे. उद्घाटनाची तारीख मंत्र्यांना कळवून झालीय. तुमची ती एक दिवसाची अट मला अजून आठवते.”

“मलाही आठवते.”

वॉशिंग्टनने घमेलं खाली ठेवलं. “मी उचलतो. रबरी हातमोजे घालून. बादलीत ठेवून चार पावलांवर ठेवायचं. सिमेंटचा वास लागेल फार तर, लोकरीचा नाही.”

रांगेतून कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

येसेनियाने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. “मला गाडीतून फॉर्म आणायचाय,” ती कोणाकडेच न बघता म्हणाली. “गाडी खाली बंदरावर लावलीय. यायला-जायला वीस मिनिटं लागतील.” आणि ती गेली. पार्कच्या माणसाकडून याहून मोठी मेहेरबानी या बेटावर कोणी पाहिली नव्हती. डॉ. हॉलिससुद्धा एकाएकी समुद्राकडे तोंड करून पक्षी मोजायला लागल्या. तिकडे पक्षी नव्हते.

आता सगळे तेल्मोकडे बघत होते. ताजा माल त्याच्या बुटांपासून हातभर अंतरावर होता, चकाकत, हळूहळू मरत. त्याने एक रिकामं घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसला. बसला, हे लोकांना आधी कळलंच नाही. मादीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, फुसकारली, मग पिल्लाला नाकाने हुंगलं. एकदा, पुन्हा एकदा. खात्री पटली. तेल्मो ते बघत राहिला.

“मिस्त्री, माल आवळतोय,” वॉशिंग्टन म्हणाला. या वेळी आवाजात टोमणा नव्हता.

तेल्मो उठला. खिशातून पोलादी टेप काढला, मादीपासून दोन मीटर मोजले, आणखी अर्धा मीटर सोडला. तिच्या कूस बदलण्याचा. मग म्हणाला, “फळी आणा.”

कोणी हललं नाही.

“फळी आणा म्हटलं. मालाला बांध घालतो. सांधा इथे येऊ दे.”

“सांधा?” डॉ. आरिसागांनी विचारलं. “पण तुम्हीच तर...”

“हो. मीच.”

फळी सळयांच्या मधून बसवायला खाचा पाडाव्या लागतात. त्या त्याने स्वतः पाडल्या, कोणाला हात लावू दिला नाही. मग मालाची कड फळीला दाबली, थापीने नाही तर हाताने. साडेतीनला शेवटचं घमेलं रिकामं झालं. बावीस मीटरच्या स्लॅबमध्ये वरचा कोपरा तेवढा उघडा राहिला, आणि त्यात दोन जीव. येसेनिया परत आली. तिच्या हातात फॉर्म नव्हता. तिने फळी पाहिली, आणि ओब्दुलियाच्या शेजारी जाऊन चिचा, मक्याची दारू, पेल्यांत ओतायला लागली.

स्लॅबवर कागदी फुलांचा क्रूस रोवायचा असतो. तो कुठे रोवायचा यावर थोडी कुजबुज झाली, कारण अर्धवट स्लॅबला क्रूस द्यावा की नाही याबद्दल कोणालाच परंपरा आठवेना. शेवटी फळीच्या अलीकडे रोवला. चिचा प्यायली गेली, पण गाणी झाली नाहीत.

चार वाजून चाळीस मिनिटांनी ऊन आलं.

आलं ते सरळ आलं, तिरपं, पिवळं, समुद्रावरून थेट कोपऱ्यात. शेहेचाळीस माणसं चिचेचे पेले हातात धरून बघत होती. मादीने डोळे मिचकावले. जांभई दिली. पिल्लाला मानगुटीला धरलं, गुडघ्याएवढ्या उंचीवरून धपकन खाली उतरली आणि झुडपांच्या सावलीत निघून गेली. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

तेल्मोने फळीजवळ जाऊन मालात नख दाबलं. नख शिरलं नाही.

“दहाला फाटणार होतं ना?” ओब्दुलिया म्हणाली. पण हे तिने फार हळू म्हटलं, आणि म्हणताना त्याच्या पाठीवर तिचा हात होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्याने कड छिन्नीने खरवडली, सळया घासल्या, सिमेंटचं पाणी मारलं आणि कोपरा भरला. या वेळी गाव आलं नाही, बोलावलंच नव्हतं. वॉशिंग्टन तेवढा आपणहून आला आणि दिवसभरात एकही विनोद केला नाही. तेल्मोला त्याचीच जास्त चिंता वाटली.

केंद्र उभं राहिलं. उद्घाटनाच्या भाषणात नाजूक हा शब्द अकरा वेळा आला. त्या कोपऱ्याखाली आता समुद्राच्या पाण्याचे नमुने ठेवायची थंड खोली आहे. छताला पांढरा रंग दिलेला आहे, आणि सांध्याची रेघ कोणाला दिसत नाही. तेल्मोला दिसते. भुरभुर सुरू झाली की आठवड्यातून एकदा तो केंद्राच्या फाटकावर येतो. येणाऱ्याने वहीत नाव, वेळ आणि भेटीचं कारण लिहायचं असतं. कारणाच्या रकान्यात तो ‘छत’ लिहितो. पाच वर्षांच्या वह्यांमध्ये परदेशी शास्त्रज्ञांच्या लांबलचक कारणांच्या मधे हा शब्द दिसत राहतो. फाटकाच्या पायरीवर बहुतेक वेळा एखादा लोबो झोपलेला असतो. तेल्मो त्याला चांगला तीन मीटरांचा वळसा घालून आत जातो.

थंड खोलीत तो वर बघत उभा राहतो. काठीने रेघेवर ठोकतो, कान लावतो, दोन पावलं सरकतो, पुन्हा ठोकतो. थंडीने त्याचे दात वाजायला लागले की तिथल्या मुली त्याला आपला कोट देऊ करतात. तो घेत नाही.

फाटकावरची ती वही माझ्याकडे असते. परवा तो बाहेर पडताना मी त्याला विचारलं, “गळतंय का मिस्त्री?”

“अजून नाही,” तो म्हणाला, तक्रार केल्यासारखा. आणि पुढच्या बुधवारी पुन्हा येणार असल्याचं फाटकावर सांगून ठेवलं.

घरी ओब्दुलियाने पातेल्यावरचं झाकण उचललं, वर पाहिलं, आणि पुन्हा ठेवलं.